फिरती खुर्ची आणि बाबांचा चेहरा

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप चंद्रप्रभाआत्यास,

चैतन्यचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे. ही खुर्ची साधी नाही, तिच्याबद्दल पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? मिरजेत पाऊस थांबला असेल तर सकाळचं फिरणं पुन्हा सुरू कर, आणि थांबला नसेल तर व्हरांड्यात फेऱ्या मार, असं आईने लिहायला सांगितलं आहे. आईची तब्येत बरी. बाबांची नेहमीसारखी, म्हणजे विचारलं तर ‘ठीक’ म्हणतात आणि न विचारलं तर काहीच म्हणत नाहीत. फोनवर माणूस खरं बोलत नाही हा तुझा जुना सिद्धांत, म्हणून सविस्तर मजकूर तुला कागदावरच हवा असतो. खाली रिवाजाप्रमाणे बाबांच्या चार ओळींसाठी जागा सोडतो. ते वरचं वाचत नाहीत हे तुला ठाऊक आहेच (दुसऱ्याचं पत्र वाचणं म्हणजे त्यांच्या लेखी घरफोडी), त्यामुळे मी मोकळेपणाने लिहितो.

तुला आजवर एवढंच कळवण्यात आलं की चैतन्य संगणकावर काम करतो. ते खोटं नव्हतं. संगणक होता, काम होतं, फक्त मध्ये पत्ते होते. स्पर्धा परीक्षेचे माझे सगळे प्रयत्न संपले तेव्हा माझ्याबरोबर परभणीच्या सिद्धांत नावाच्या मित्राचेही संपले. तो नोएडात सेक्टर बावन्नला खोली घेऊन ऑनलाइन पोकर खेळायला लागला. त्याला चार शब्द सुनवायला म्हणून मी गेलो आणि तिथेच बसलो. पोकर दिसतं आपल्या दिवाळीतल्या तीन पत्तीसारखं, पण स्वभाव वेगळा. दोन पानं तुझ्या हातात, ती फक्त तुला दिसतात. पाच पानं मध्ये, हळूहळू उघडी होतात, ती सगळ्यांची. आपल्याकडे काय आहे यापेक्षा आपल्याकडे काय आहे असं समोरच्याला वाटतंय, यावर सगळा खेळ. आणि बहुतेक वेळा हातातली पानं मुकाट्याने टाकून द्यायची. हौशी माणूस कंटाळतो, म्हणून खेळतो, म्हणून बुडतो. पोट भरणाऱ्याने कंटाळायचं नसतं. सिद्धांत याला साधना म्हणायचा. बनियनवर, पाठ ताठ, शेजारी पाण्याची बाटली, जिंकला तरी हूं नाही की हरला तरी चूं नाही. इतका मन लावून अभ्यास करणारा माणूस मी राजेंद्र नगरच्या क्लासमध्येसुद्धा पाहिला नव्हता.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने आधी रडून घेतलं, मग डोळे पुसून दोन गोष्टी विचारल्या: डबा किती वाजता लागेल आणि सुट्ट्या कुठल्या. आत्या, आपल्या घरात ज्या कामाला डबा आणि सुट्ट्या आहेत ती नोकरी, बाकी सगळे छंद. शिवाय सरकारी क्वार्टर्समध्ये तरणा मुलगा दिवसाढवळ्या घरी दिसला की समोरच्या ब्लॉकमधून चौकशी येते. तेव्हा मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, मेट्रोच्या पिंक लाइनने मयूर विहारला उतरून नोएडाची गाडी पकडायला लागलो. आता यातली गोम अशी की दिवसा पोकरला कोण बसतं? माझ्यासारखेच पोटार्थी. सगळे डबा खाऊन आलेले, कोणी कोणाला हलू देत नाही. ज्यांच्याशी खेळून काही मिळावं ते हौशी लोक संध्याकाळी उगवतात, हातात ग्लास आणि डोक्यात उत्साह घेऊन, आणि त्या वेळी मी नेमका घरी वेळेवर पोचण्यासाठी मेट्रोत दांडा धरून उभा असायचो. हे आईला समजावून, दिवसा नोएडा आणि संध्याकाळी घरूनच खेळायचं, अशी जादा पाळी मंजूर करून घेईपर्यंत माझं वजन घटलं.

सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र ती हटली नाही. सरकारी कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेली सुट्टी म्हणजे सुट्टी. होळीला, दिवाळीला सगळा उत्तर भारत सैल हाताने पत्ते खेळत असतो. आमच्या धंद्यातला तो सुगीचा हंगाम, आणि मी घरी लसूण सोलत बसलेला. ऐच्छिक सुट्ट्यासुद्धा तिने मला वर्षाच्या सुरुवातीला निवडून द्यायला लावल्या. (एक मी पाडव्याला घेतली, एक तुझ्या वाढदिवसाला.) सिद्धांत आधी यावर खो खो हसला आणि मग म्हणाला, यार, तुझी आई मला पण मॅनेजर म्हणून चालेल. पण हसण्यावारी नेऊ नकोस, आत्या. या खेळात जे बुडतात ते उठायचं कधी हे न कळल्यामुळे बुडतात. सिद्धांतच्या ओळखीतले आमच्याहून हुशार कितीजण त्यातच गेले. मी बुडालो नाही, कारण माझ्यामागे आमच्या मातोश्री हेमलताबाई डबा आणि कॅलेंडर घेऊन उभ्या होत्या. त्यांना माझा सलाम आहे. तो तोंडावर केला तर त्या म्हणतील, आधी टॉवेल दोरीवर टाक.

तिचा खरा जीव जडला तो मेरठच्या लड्डूवर. हे त्या माणसाचं खेळातलं नाव, ‘लड्डू मेरठवाला’. रोज संध्याकाळी यायचा, कुठलीही दोन पानं हातात आली की आनंदाने खेळायचा आणि रोज हरायचा. आमच्यासारख्यांच्या चुली अशाच माणसांवर चालतात. आईने एकदा मागून पाहिलं आणि विचारलं, हा कोण? मग विचारलं, याच्या घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, आई, ते कळत नसतं. तर म्हणाली, कळत नसेल तर तो हरतोय तेही कळून घेऊ नकोस, आज सोड त्याला. तेव्हापासून लड्डूला चतुर्थीला सूट, एकादशीला सूट, आणि तो लागोपाठ हरायला लागला की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, चैतन्य, पाणी भरून ठेव जरा. मी उठायचो. परत येईपर्यंत लड्डूला दुसरा कोणीतरी सोलून गेलेला असायचा. पण निदान आमच्या घरातून त्याला धक्का लागला नाही, यात तिचं समाधान होतं.

आता बाबा. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ‘बरं’ म्हणाले आणि घडी उलगडून पुढे वाचायला लागले. तुझा भाऊ आहे, तुला नवीन काय सांगू. इंग्रजीत तयार होणारे कायदे हिंदीत आणायचे हे त्यांचं काम, एवढं आम्हाला माहीत. पुढचं काही माहीत नाही. ‘आज काय केलं?’ असं आईने विचारलं की ‘काम’ हे उत्तर. इतक्या वर्षांत ऑफिसातली एकच बातमी घरात आली, ती म्हणजे सेक्शनमधला पंखा बदलला. इथल्या मराठी मंडळात कोणी माझी चौकशी केली की ते म्हणायचे, संगणकावर असतो. त्यामुळे मंडळाचा प्रिंटर अडला की मी, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या छापायला मी, आणि गेल्या वर्षी आरती इंटरनेटवर थेट दाखवायची ठरली तेव्हाही मीच. माझाच लॅपटॉप जोडला. ‘सुखकर्ता’ रंगात आलं आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर बाप्पांच्या जागी हिरवं टेबल, दोन एक्के, आणि ‘लड्डू मेरठवाला आपली वाट पाहत आहे’. टाळ्या थांबल्या. बाबा मात्र तबक हातात घेऊन तसेच उभे, डोळ्याची पापणी हलली नाही, शांतपणे म्हणाले, तांत्रिक अडचण आहे, आरती चालू ठेवा. आणि लोकांनी ठेवली! तेव्हाच मला कळायला हवं होतं की घरातला खरा खेळाडू कोण ते.

मला खरी कशाची हाव होती ते सांगतो. खेळातलं मिळत होतं, त्यात भागत होतं. मला हवं होतं ते बाबांकडून एक वाक्य. चांगलं नको, वाईटही चाललं असतं. ‘बरं’ आणि ‘संगणकावर’ यांच्या मधलं काहीतरी. मी रोज अनोळखी माणसांच्या मनातलं ओळखून पोट भरत होतो (चेहरा दिसत नाही, नुसतं कोण किती थांबतो यावरून), आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला माझी लाज वाटते की नाही हे मला कळत नव्हतं.

आणि यंदा जुलै संपता संपता एकदम सगळं पालटलं. ‘पुढे काय’ म्हणून बाबा महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी विचारायचे, ते त्यांनी विचारलं नाही. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून आणलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, खेळ, मी बघतो. मी थक्क! त्यानंतर संसदेच्या कामाच्या धबडग्यातूनही, उशिरा आले तरी, हातपाय धुऊन ते स्टुलावर येऊन बसायचेच. मी समजावून सांगायचो, हे पान का टाकलं, इथे का थांबलो. ते मान डोलवायचे. एकदा म्हणाले, म्हणजे बहुतेक वेळ काही न करणं हेच काम. मी म्हटलं, हो. म्हणाले, अवघड आहे. आत्या, एवढ्या दोन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होतो. एका रविवारी तर आम्हा दोघांना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जेवायला घेऊन गेले, सण नाही की पाहुणा नाही, आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने दुसरी पुरणपोळी वाढली. मी मनाशी म्हटलं, चैतन्य, जिंकलास. बाबांनी पत्करलं.

त्याच तारेत मी खुर्ची मागवली. पाठीला, मानेला, कोपराला सगळीकडे आधार असलेली, गोल फिरणारी, लाल-काळी. धंदा वाढवायचा तर बैठक हवी. ती आली त्या दिवशी जेवताना मी मोठमोठ्या गप्पा मारत होतो, पुढच्या वर्षी असं करू, तसं करू. घोसाळ्याची भाजी होती (इथे दोडका आणि घोसाळं दोन्हीला तोरीच म्हणतात, पण ती घोसाळ्याचीच होती, मला पक्कं आठवतं). बाबांनी भाजी परत वाढून घेतली, जी ते कधीच घेत नाहीत, आणि पानाकडे बघत विचारलं, ती खुर्ची परत करता येते का? मी म्हटलं, येते की, आठवडाभरात. तर म्हणाले, मग वेष्टण फाडू नकोस इतक्यात. मी हसलो. आईला म्हटलं, बाबांची काटकसर बघ. आणि जेवण झाल्यावर वेष्टण फाडलं.

पुढचं तू बातम्यांत पाहिलंच असशील. ऑगस्टमध्ये कायदा आला, पैसे लावून ऑनलाइन खेळायचे सगळे खेळ बंद. दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर. मी टेबलावर बसलेलो असताना पडद्यावर पाटी आली, खेळ बंद करत आहोत, आपले पैसे काढून घ्या. नोएडात सिद्धांतने बनियनवर शर्ट घातला. मी त्याला खेळायच्या वेळी शर्टात कधी पाहिलं नव्हतं, ते बघून मलाच भरून आलं. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे लड्डू सुटला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून चहा टाकायला गेली. बाबा ऑफिसातून आले, बातमी ऐकली, ‘हो का’ म्हणाले, आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात जागेवर नेऊन ठेवलं.

परवा गौरी जेवल्या त्या दिवशी मंडळात भाऊसाहेबकाका भेटले. ते बाबांच्याच सेक्शनला, शेजारच्या टेबलावर. त्यांनी मला मोदक दिला आणि म्हणाले, श्यामरावांनी या वेळी कमाल केली हां, एवढी घाई, पण तो पत्त्यांचा कायदा असा सुरेख हिंदीत आणला की एक शब्दसुद्धा बदलावा लागला नाही. अर्धा मोदक माझ्या तोंडात होता. तो तिथेच राहिला. समोर बाबा खुर्च्या मांडत होते, ओळ सरळ आली की नाही ते एक डोळा मिटून बघत होते.

संपलेला डाव आम्ही मागे जाऊन पुन्हा बघतो, कुठे चुकलो ते शोधायला. तसा मी सगळा महिना पुन्हा पाहिला. न विचारलेलं ‘पुढे काय’. स्टूल. पुरणपोळी. वेष्टण फाडू नकोस! आत्या, कुठला कागद त्यांच्या टेबलावर कधी आला हे मला माहीत नाही, मी विचारणार नाही आणि विचारलं तरी उत्तर ‘काम’ एवढंच येईल. पण माणूस दिवसा तिकडे एकेक शब्द तोलून माझा धंदा बंद होण्याची भाषा नीटनेटकी करत होता आणि संध्याकाळी माझ्या शेजारी बसून मान डोलवत होता. मला अर्धी आरती होईपर्यंत राग आला. उरलेल्या अर्ध्या आरतीत तो गेला. एका शब्दाने मला सावध केलं असतं तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. आणि तरी त्यांनी केलं नाही, आणि तो भार एकट्याने घेऊन रोज त्या टेकायला पाठ नसलेल्या स्टुलावर बसले. चेहऱ्यावर रेघ नाही. मी भल्याभल्यांशी खेळलो आहे. असा खेळाडू मी पाहिला नाही, आणि तो मला बाप म्हणून मिळाला याचा मला फार अभिमान वाटतो. हे त्यांना सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितो.

असो. मिरजेत सर्वांना यथायोग्य नमस्कार सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
चैतन्य

ता. क. खुर्ची अर्थातच परत गेली नाही. आई तिच्यात बसून मेथी निवडते. जुड्या एका बाजूला आणि परात दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये फिरते. म्हणते, सोय आहे हो.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. सिद्धांत जॉर्जिया नावाच्या देशात चालला आहे, तिथे पोकर चालतं, आणि मलाही चल म्हणतो. जावं की न जावं हे मला ठरवता येत नाही, कारण आधी एक गोष्ट कळायला हवी. तू बाबांची थोरली बहीण, तुला ते ‘काम’ म्हणून वाटेला लावू शकत नाहीत. तेव्हा तुझ्या मनाने विचारल्यासारखं बाबांना विचार, चैतन्यच्या खेळण्याची तुला लाज वाटायची का? मी विचारायला सांगितलं हे कळू देऊ नकोस. भाऊसाहेबकाकांकडून मला समजलं आहे हे तर अजिबातच नको. त्यांना वाटतंय की मला काही माहीत नाही. या घरात निदान एक डाव मी जिंकतो आहे, तो मला जिंकू दे.

ता. क. तिसरा. पाकीट उघडंच ठेवतो आहे. बाबा ओळी लिहून चिकटवतील आणि ऑफिसला जाताना टाकतील. ते वाचत नाहीत, तू निश्चिंत राहा.

ती. ताईस,

श्यामचा नमस्कार. चिरंजीवांनी जागा ठेवली आहे म्हणून लिहितो. वरील मजकूर वाचलेला नाही. प्रकृती ठीक.

त्या दिवशी भाजी दोडक्याची होती.

जॉर्जियात थंडी बरीच असते असं ऐकतो. माझा लोकरी कोट ड्रायक्लीनला दिला आहे. खांद्यात त्याला बसेल.

ऑफिसबद्दल मी कधी लिहिलं नाही, आताही लिहीत नाही. तू अजून काही विचारलेलं नाहीस, परंतु विचारलंस तर उत्तर असं की लाज कधी वाटली नाही. लोकांना सांगताना शब्द सापडत नव्हता, इतकंच. शब्द शोधण्यात आयुष्य गेलं तरी हा सापडला नाही. स्टुलावर मी खेळ शिकायला बसत नव्हतो. पानांतलं मला शेवटपर्यंत काही कळलं नाही. खेळताना तो फार छान दिसतो, ताई, शांत, आपल्या आईसारखा ओठ मिटून. ते पुन्हा बघायला मिळणार नव्हतं, म्हणून बघून घेत होतो.

हे त्याला कळवू नये.

श्याम